'असे' आणि 'हे'

परप्रांतात नोकरीनिमित्त राहिलेल्या माणसाची मराठी नेमकी कोठे झिजते, याविषयी जाणत्यांत मतभेद आहेत. कोणी म्हणतात, आधी भाजीबाजाराचे शब्द जातात. कोणी लिंगाकडे बोट दाखवितात आणि 'माझी पुस्तक' ऐकले की कपाळाला हात लावतात. आमच्या मते ही झीज वरवरची आहे. 'माझी पुस्तक' म्हणणाऱ्या मुलाला दोनदा हटकले की ते तिसऱ्यांदा 'माझे पुस्तक' म्हणते. परंतु तेच मूल शेजारच्या खोलीत येऊन 'बाबा हे म्हणाले की आज उशीर होईल' असे सांगते, तेव्हा त्याला कोणी हटकीत नाही. आपण मान डोलावतो आणि स्वयंपाकघरात निरोप पोचवतो. या वाक्यात एकही परका शब्द नाही, लिंग-वचन बिनचूक आहे, आणि तरीही मराठीचे एक मोठे हत्यार त्यात गंजून पडलेले आहे. बाबा 'हे' म्हणाले नाहीत. बाबा 'असे' म्हणाले.

हा भेद केवळ कानाचा असता तर त्यासाठी आम्ही वाचकांचा वेळ घेतला नसता. आमच्या वाचकांपैकी बहुतेकांची हयात नस्ती वाचण्यात आणि नस्तीवर शेरे लिहिण्यात गेलेली आहे किंवा जावयाची आहे. नस्तीच्या पानावर 'असे' आणि 'हे' यांची अदलाबदल झाली म्हणजे काय होते, ते पुढे सांगावयाचे आहे. त्याआधी थोडे व्याकरण सहन करावे लागेल.

एक साधे वाक्य घेऊ. 'नोकरी गेली असे त्याने घरी सांगितले.' आता 'असे' काढून 'हे' घाला: 'नोकरी गेली हे त्याने घरी सांगितले.' पहिल्या वाक्यात नोकरी गेली की नाही, याची हमी लिहिणारा देत नाही. गेली असेल, नसेल. गृहस्थ सासुरवाडीच्या लग्नाचा खर्च टाळण्यासाठी बतावणीही करीत असतील. दुसऱ्या वाक्यात नोकरी गेलीच आहे. ती गोष्ट आधीच घडून बाजूला उभी आहे आणि गृहस्थांनी तिच्याकडे नुसते बोट दाखविले. आता दोन्ही वाक्ये नकारार्थी करून पाहावीत. 'नोकरी गेली हे त्याने घरी सांगितले नाही', असे म्हटले तरी नोकरी गेलेलीच राहते. उलट ती अधिकच गेल्यासारखी वाटते. 'नोकरी गेली असे त्याने सांगितले नाही', यात मात्र नोकरीचे काय झाले ते आपणांस मुळीच कळत नाही. नकाराचा हा धक्का लावून पाहण्याची परीक्षा पॉल आणि कॅरल किपार्स्की या दांपत्याने १९७० साली एका प्रसिद्ध निबंधात मांडली. त्यांची उदाहरणे इंग्रजी होती, आणि तेथे मुख्य भार क्रियापदावर पडतो. मराठीत तो भार ही दोन चिमुकली सर्वनामे उचलतात, आणि क्रियापद तेच ठेवून उचलतात, हे अधिक नवलाचे.

'समजणे' हे क्रियापद पाहा. 'तो दोषी आहे असे समजतात' आणि 'तो दोषी आहे हे समजते' या दोन वाक्यांमध्ये एका माणसाची अब्रू उभी आहे. 'वाटणे' याला 'हे' चालत नाही; 'विसरणे' आणि 'उघड असणे' यांना 'असे' चालत नाही. 'सांगणे', 'कळणे', 'समजणे' ही मात्र उंबरठ्यावर बसलेली क्रियापदे आहेत, त्यांना दोन्ही घरी मुक्तद्वार आहे. वृत्तपत्रांतील 'असे कळते' आणि आईच्या तोंडचे 'हे कळलं मला' यांत जो फरक आहे तो कोणाही मराठी माणसाला सांगावा लागत नाही.

या भेदाचे शास्त्र ज्यांनी बारकाईने मांडले त्यांत मायकेल हॅलिडे यांचे नाव घ्यावे लागते. १९२५ साली इंग्लंडातील लीड्स येथे जन्मलेला, चिनी भाषेच्या अभ्यासातून भाषाशास्त्राकडे वळलेला आणि २०१८ साली ऑस्ट्रेलियात देह ठेवलेला हा पंडित. त्याच्या कार्यलक्षी व्याकरणाचा परिचय करून देणारा ग्रंथ १९८५ साली निघाला. भाषा ही नियमांची जंत्री नसून माणसे तिच्याकडून कोणकोणती कामे करवून घेतात त्यांची व्यवस्था आहे, हा त्याचा पाया. त्यात वाक्याच्या पोटात येणाऱ्या वाक्याचे दोन प्रकार केले आहेत. एक कथित वाक्य: ते कोणीतरी बोललेले किंवा मनात आणलेले असते, बोलणारा किंवा विचार करणारा माणूस त्याच्या मागे उभा असतो आणि त्यानेच ते पुढे टाकलेले असते. दुसरे तथ्यवाक्य: ते जणू तयार होऊन, बांधून, गाठोड्यासारखे आलेले असते. ते कोणी टाकले, कोणी बोलले, हा प्रश्नच उद्भवत नाही. इंग्रजीत पहिल्याच्या जागी 'सो' ठेवता येते, दुसऱ्याच्या जागी 'इट' किंवा 'दॅट'. हे वाचताना आम्हांला फार मौज वाटली, कारण 'सो' म्हणजे आपले 'असे' आणि 'दॅट' म्हणजे आपले 'हे'. इंग्रजीत जे आडून काढावे लागते ते मराठीत ओसरीवरच बसलेले आहे.

हॅलिडेच्या विवेचनातील एक सूक्ष्म गोष्ट मात्र घाईने वाचणाऱ्याच्या हातून निसटते. व्याकरणातील तथ्य म्हणजे सत्य नव्हे. 'तो आला ही गोष्ट खोटी आहे' हे वाक्य अगदी शुद्ध आहे; 'तो आला' हा भाग त्यात तथ्यासारखा बांधलेला आहे आणि लगेच खोटाही ठरविलेला आहे. तथ्यवाक्यांना धरून येणाऱ्या नामांचे हॅलिडेने चार गट केले, त्यांत बाब आणि पुरावा यांच्या जोडीला शक्यता आणि निकडही बसविली आहे. आणि शक्यता म्हणजे सत्य, असे कोण म्हणेल? तेव्हा तथ्यवाक्याचे लक्षण खरेपणा हे नाही. त्याला बोलणारा उरलेला नसतो, हे त्याचे लक्षण. आम्हांला या साऱ्या शास्त्रात महत्त्वाचे वाटले ते एवढेच, आणि पुढील हकीकतही त्यावरच उभी आहे.

आमच्या व्याकरणकारांना हे ठाऊक नव्हते असे नाही. मोरो केशव दामले यांच्या १९११ सालच्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'पासून शाळेतल्या पुस्तकांपर्यंत 'की', 'म्हणून', 'म्हणजे', 'जे' यांची स्वरूपबोधक अव्यये म्हणून ओळख करून दिलेली असते. त्यांतील 'म्हणून' हा शब्द मोठा गमतीचा आहे. मुळात तो 'म्हणणे' या धातूचे पूर्वकालवाचक रूप, म्हणजे 'बोलून'. 'तो आजारी आहे म्हणून ऐकले' या वाक्यात ते बोलणे अजून जिवंत आहे. 'तो आजारी आहे म्हणून आला नाही' यात ते बोलणे मेले आणि त्याचे कारण झाले. एकाच शब्दात ऐकीव गोष्टीपासून कारणापर्यंतचा सगळा रस्ता आहे. आणि कचेऱ्यांतून आमचे आयुष्य गेले असल्याने हा रस्ता किती रहदारीचा आहे ते आम्हांला ठाऊक आहे.

आम्ही राहतो त्या रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यात या विषयाची आठवण पावलोपावली होते. पारा म्हणजे आपला पाडाच. भोवती बुढापारा, तात्यापारा, कंकालीपारा. नरेंद्रनाथ नावाचा एक बंगाली मुलगा १८७७ साली येऊन बुढापाऱ्यात राहिला. पुढे जगाने त्याला विवेकानंद म्हणून ओळखले आणि बुढातालाबाला त्याचे नाव मिळाले. मराठी माणूस येथे त्याच्याही आधीचा. १७५८ साली बिंबाजी भोसले रतनपुरास येऊन राहिले, तेव्हापासून छत्तीसगडावर नागपूरकरांचा अंमल. १८५४ साली तो खालसा झाला. १८६१ साली मध्य प्रांत झाला त्याची राजधानी नागपूरच, आणि १९५६ साली नागपूर मुंबई राज्यात जाईपर्यंत रायपूरचे कागद नागपुरास आणि नागपूरचे कारकून रायपुरास, असा क्रम चालला. तात्यापारा कोणत्या तात्यांच्या नावाने, हे विचाराल तर तीन वृद्ध तीन तात्या सांगतात. पण तिघेही वाक्यात 'म्हणे' घालतात. 'ते म्हणे भोसल्यांकडे होते.' हा 'म्हणे' फार थोर शब्द आहे. ऐकलेले सांगण्याची हौस आणि त्याची जबाबदारी न घेण्याचा प्रामाणिकपणा, दोन्ही तो दोन अक्षरांत साधतो. तिसऱ्या पिढीने हा शब्द टाकून दिला आहे. नातवंडे तात्यांची हकीकत सांगतात तेव्हा तात्या भोसल्यांकडे होतेच.

गंमत अशी, की ज्या छत्तीसगडीला आमची मंडळी खेडवळ समजतात तिच्यात ही सोय शाबूत आहे. सकाळी भाजी घेऊन येणाऱ्या बाईला तिच्या जावेबद्दल विचारले, तर ती म्हणते, 'काली आहूं कहिके गे हे.' उद्या येईन, म्हणून गेली आहे. 'कहिके' म्हणजे अक्षरशः आमचे 'म्हणून'. जाऊ येईल, असे ती बाई कबूल करीत नाही. जाऊ तसे म्हणाली, एवढेच ती सांगते. संस्कृतात हे काम 'इति' करी, तेलुगूत 'अनि' करते, आणि त्या 'अनि'चा धातूही 'म्हणणे' याच अर्थाचा. या छत्तीसगडीचे व्याकरण हिरालाल काव्योपाध्याय या येथल्याच शिक्षकाने १८८५ च्या सुमारास लिहिले आणि ग्रियर्सनने त्याचे इंग्रजी भाषांतर १८९० साली छापले. एका बोलीची इतक्या आस्थेने दखल घेणारा माणूस धमतरीच्या शाळेत मास्तर होता, ही गोष्ट आम्हांला या प्रांताच्या भूषणांपैकी वाटते.

जुने मराठी दप्तर वाचलेल्यांना आणखी एक आठवण होईल. पेशवाईतील पत्राला उत्तर लिहिताना कारकून आधी समोरच्याचा मजकूर जसाच्या तसा उतरवून घेई आणि शेवटी शिक्का मारल्यासारखे लिही: 'म्हणोन लिहिले, ते कळले.' त्यानंतर आपला हुकूम. तुझे बोलणे कोठे संपले आणि माझे कोठे सुरू झाले, याची हद्द त्या 'म्हणोन'ने आखलेली असे. बखरकारांनी ही हद्द पुष्कळदा पुसली, आणि राजवाड्यांनी बखरींपेक्षा अस्सल पत्रांवर भिस्त ठेवली ती काही उगीच नव्हे.

ही हद्द एकदा एका मोठ्या खटल्यातही वादाचा विषय झाली. १९०८ च्या जुलैत मुंबई हायकोर्टात टिळकांवर 'केसरी'तील लेखांबद्दल राजद्रोहाचा खटला चालला, तेव्हा त्यांनी सरकारी भाषांतरावर कडाडून हल्ला चढविला आणि निरनिराळ्या वृत्तपत्रांतील उतारे न्यायालयापुढे ठेवले. आपले लेख एका चालू वादातील उत्तरे आहेत, त्यांत दुसऱ्याचे म्हणणे कोणते आणि आपले कोणते ते पाहा, हा त्यांच्या बचावाचा एक भाग होता. नऊ ज्यूररांपैकी सातांनी तो मानला नाही. त्याच वर्षी 'हिंदी केसरी'चे संपादक माधवराव सप्रे नागपुरास पकडले गेले. सप्रे आमच्या रायपूरचे. मराठी घरात जन्मून त्यांनी हिंदीची सेवा केली, १९०० साली पेंड्र्याहून 'छत्तीसगढ़ मित्र' काढला आणि पुढे 'गीतारहस्य' हिंदीत आणले. मराठीतून हिंदीत जाणाऱ्या माणसाला रोज किती 'असे' वाटेत सोडावे लागत असतील, याचा विचार आमच्या मनात सप्रे शाळेच्या मैदानावरून जाताना अनेकदा येतो. हिंदीत 'ऐसा' नाही असे नव्हे. पण हिंदीचा ओढा 'कि'कडे आहे. 'उसने यह कहा कि', 'यह ज्ञात हुआ कि': बोललेलेही 'यह' आणि घडलेलेही 'यह'. हिंदीचा हा दोष नाही, तिच्या सोयी निराळ्या आहेत. परंतु ज्याने आयुष्यभर हिंदीत टिपणे लिहिली त्याच्या मराठी कानाला हळूहळू बधिरता येते, आणि बधिर कानाने वाचलेल्या नस्तीवर सही होते.

आता ती हकीकत.

आमच्याच गल्लीत दोन खोल्यांत राहणाऱ्या एक बाई आहेत. यजमान एका सरकारी खात्यात कारकून होते. ते वारल्यावर बाईंना कुटुंब निवृत्तिवेतन मिळू लागले. मुलीचे लग्न त्यांनी त्यातच केले. पुढे एकाएकी ते पैसे बँकेत यावयाचे थांबले. चार महिने चौकशी झाली; 'ऊपर से रुका है' यापलीकडे काही कळले नाही. मग मुलीने माहितीच्या अधिकाराखाली अर्ज केला, आणि नस्तीच्या छायाप्रती हाती आल्यावर बाई त्या घेऊन आमच्याकडे आल्या.

'काका, तुम्ही इतकी वर्षं साहेबी केलीत. यात माझं लग्न कोणत्या पानावर लागलं तेवढं शोधून द्या.'

बाईंचे वय साठीला आलेले. आम्ही चष्मा लावला.

पहिले पान म्हणजे एक बेनामी अर्ज. त्यात लिहिले होते, 'मोहल्ले में कहा जाता है कि इन्होंने दूसरा विवाह कर लिया है.' दुसऱ्या पानावर टिपणी: 'प्राप्त शिकायत में पुनर्विवाह किए जाने का उल्लेख है.' हीही खरीच. तसा उल्लेख होताच. तिसऱ्या पानावर दुसऱ्या हस्ताक्षरात: 'पुनर्विवाह की बात संज्ञान में आई है.' आणि चौथ्यावर: 'पुनर्विवाह के कारण भुगतान स्थगित किया जाना उचित होगा. आदेशार्थ.' त्याखाली हिरव्या शाईत एकच शब्द, 'सहमत'.

या चार पानांत कोणी खोटे लिहिले, असे आम्हांला दाखविता येईना. प्रत्येकाने आपल्या आधीच्याचे वाक्य थोडे आखूड केले, एवढेच. पहिल्या पानावर बोलणारे होते. मोहल्ल्याचे अनाम तोंड का होईना, पण तोंड होते. दुसऱ्या पानावर तोंडाच्या जागी कागद आला. तिसऱ्या पानावर कागदही गेला आणि 'बात' उरली. हॅलिडेच्या भाषेत गाठोडे बांधून झाले. चौथ्या पानावर त्या गाठोड्याचे कारण झाले. मराठीत लिहिले असते तर 'केला असे म्हणतात', 'केल्याचा उल्लेख', 'केल्याची बाब', 'केल्यामुळे' अशी उतरंड लागली असती. आपल्या मराठी कचेऱ्यांतही ती अशीच लागते, हेही सांगून टाकावे. हिंदीवर सगळे खापर फोडून चालणार नाही. 'केल्याचे' हे रूप फार फसवे आहे. 'केल्याचे सांगितले' आणि 'केल्याचे आढळले' यांत तोंडवळा एकच. 'असे' आणि 'हे' या दोघांनाही रजा देऊन मराठी पत्रकारांनी आणि आम्हां अधिकाऱ्यांनी हे रूप वाढविले, कारण ते आटोपशीर आहे आणि भारदस्त दिसते.

'पण हा दुसरा नवरा कोण?' आम्ही विचारले.

'धाकटा भाऊ असेल माझा,' बाई म्हणाल्या. 'भिलाईची नोकरी गेल्यापासून माझ्याकडेच आहे. कडेवर घेऊन वाढवलंय मी त्याला, काका.' एवढे बोलून त्या हसू लागल्या. आणि मग त्यांना हसू आवरेना, आणि पुढे ते हसू राहिले नाही. आमच्या सौभाग्यवतींनी आतून पाणी आणले.

कायदा या बाबतीत आमच्या खात्यांपेक्षा शहाणा आहे. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात वस्तुस्थितीची व्याख्या करताना जी उदाहरणे दिली, त्यांतले एक असे, की अमुक माणूस अमुक शब्द बोलला ही एक वस्तुस्थिती होय. शब्द खरे की खोटे, हा निराळा प्रश्न. ते बोलले गेले, ही वस्तुस्थिती. तो कायदा जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम आला, तरी त्या व्याख्येचा गाभा तोच आहे. ज्याने पाहिले त्याने पाहिलेले सांगावे, ज्याने ऐकले त्याने स्वतः ऐकलेले सांगावे, हाही दंडक कायम आहे. खात्याची नस्ती म्हणजे न्यायालय नव्हे, हे आम्ही जाणतो. तेथे रोज शेकडो कागद हलवावे लागतात आणि प्रत्येक वाक्याच्या शेपटीला त्याचा बोलणारा बांधून ठेवला तर एकही कागद दुपारपर्यंत टेबलावरून उठणार नाही. शिवाय 'असे'चाही दुरुपयोग होतो. 'असे आढळून आले', 'असे निदर्शनास आणण्यात येते': कोणाला आढळले आणि कोणी आणले? 'असे' लावूनही बोलणारा गायब करण्याची ही कला आमच्या पेशातल्या पुष्कळांना चांगली अवगत असते. तरीसुद्धा ज्या वाक्यावरून कोणाचे अन्न थांबावयाचे आहे, त्या एका वाक्यापुरते तरी मागे वळून पहिले पान उघडावे, एवढी अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही. हिरव्या शाईच्या त्या अधिकाऱ्याने पहिले पान उघडले असते तर त्याला 'कहा जाता है' दिसले असते.

आम्ही बाईंना अर्जाचा मसुदा करून दिला. त्यात गाऱ्हाणे नव्हते, विनवणी नव्हती. फक्त एक प्रश्न होता. पुनर्विवाह झाला असे कोणी, कोणास, केव्हा सांगितले? सोबत भावाच्या आधारपत्राची आणि दोघांच्या शाळेच्या दाखल्यांची प्रत जोडली, वडिलांचे नाव एकच असलेली. खात्याकडून आधी काही आले नाही. दुसऱ्या अर्जानंतर एक निरीक्षक गल्लीत येऊन गेले, शेजाऱ्यांचे जबाब झाले, किराणा दुकानदाराने भावाच्या नावाने चाललेली उधारीची वही दाखविली म्हणे. मग साडेतीन महिन्यांनी आदेश निघाला आणि थकबाकीसह पैसे जमा झाले.

बाई पेढे घेऊन आल्या, आणि पेढ्यांबरोबर तो आदेशही. त्यात म्हटले होते, 'पुनर्विवाह सिद्ध नहीं होने के कारण भुगतान पुनः प्रारंभ किया जाए.'

'म्हणजे लग्न झालं होतं, पण यांना सिद्ध करता आलं नाही. असंच ना काका?'

असेच, हे आम्हांला कबूल करावे लागले. निदान त्या वाक्यावरून कोणाही वाचणाऱ्याने तसे समजावे, असाच त्याचा बांधा होता. त्या एका वाक्यात 'पुनर्विवाह' हे नुसते नाम होऊन बसले होते. ना कर्ता, ना काळ, ना 'असे', ना 'म्हणे'. वाक्याचे नाम केले म्हणजे त्यावर 'कोण म्हणतो' ही खूण लावावयास जागाच उरत नाही, आणि नकाराचा धक्का 'सिद्ध'ला लागतो, 'पुनर्विवाहा'ला लागत नाही. आम्ही त्यांना म्हटले, 'ताई, पैसे मिळाले आहेत. आता या वाक्याशी भांडत बसायचे का, ते तुम्ही ठरवा.' घरात आमचे मत कोणी विचारले असते तर आम्ही सोडून द्या म्हटले असते. आमच्या पेशाला ती सवय असते.

बाईंनी सोडले नाही. मुलीच्या सासरी उद्या कोणी हा कागद वाचला तर, एवढेच त्या म्हणाल्या. भाऊ ओसरीवर बसून होता, तो काही बोलला नाही. तो गेल्या महिन्यापासून दुसरीकडे खोली पाहतो आहे, हे आम्हांला दुसऱ्याकडून कळले होते.

तेव्हा तिसरा अर्ज झाला. त्यात आम्ही आदेशासाठी पर्यायी वाक्य सुचविले: 'पुनर्विवाह हुआ है, ऐसी एक बेनामी शिकायत प्राप्त हुई थी, जाँच में शिकायत असत्य पाई गई.' 'ऐसी' या शब्दाखाली बाईंनी स्वतः पेन्सिलीने रेघ ओढली, आणि मग अर्ज स्वच्छ टंकित करून घेतला. टपालावर त्यांचा विश्वास नव्हता, म्हणून त्या स्वतः कचेरीत जाऊन आवक शाखेत अर्ज देऊन आल्या. येताना पोच दाखवावयास आमच्या दारात थांबल्या. पोचेवर तारीख होती, क्रमांक होता, गोल शिक्का होता, आणि विषयाच्या रकान्यात आवक कारकुनाने सुवाच्य अक्षरात लिहिले होते: 'पुनर्विवाह के संबंध में'.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला त्या पुन्हा त्याच खिडकीशी गेल्या.